शंभर कोंबड्या आणि एक कोपरा

गेली पंचवीस वर्षं मी लोकांच्या घरांचे नकाशे काढते. हुडकेश्वरच्या बाजूला शेतं मोडून ले-आउटं पडायला लागली तेव्हापासून तीस बाय पन्नासचा प्लॉट माझ्या हाताला इतका सरावाचा झाला आहे, की कोरा कागद समोर आला तरी त्यावर घर आधीच काढलेलं दिसतं. समोर पोर्च, त्याला लागून हॉल, मधे जिना, मागे स्वयंपाकघर. आमच्या भागातल्या निम्म्या घरांत मी डोळे मिटून शिरले तरी मिठाची बरणी शोधून काढीन.

हे मी तेव्हा कौतुकाने सांगायची. आता जरा जपून सांगते. त्याला कारण एक बाई, माझी भाची आणि तिचं ते मशीन.

बाई आणि तिचा नवरा हिवाळ्यात आले. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर, निवृत्तीला वर्षभर बाकी. तीस वर्षं भाड्याच्या घरांत काढल्यावर आता स्वतःचं बांधायचं होतं, आणि तेही पुढच्या दसऱ्याच्या आत. नवऱ्याने मागण्यांची यादी फिटरला शोभेल अशा नीट अक्षरात आणली होती. दोन खोल्या, हॉल, वर जायला जिना, समोर गाडीचा पोर्च. गाडी कोणती, विचारलं, तर गाडी नव्हती. उद्या घेतली तर? असल्या उद्याच्या गाड्यांसाठी मी आजवर शेकडो पोर्च काढले आहेत. त्यांत कपडे वाळतात.

बाई तासभर नुसती ऐकत होती. निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "मॅडम, माह्यं एकच हाये. मले स्वयंपाकघर समोर पायजे. रोडवर."

का म्हणून, ते मी तिच्याच बोलीत विचारलं, काहून?

तिने सांगितलं ते असं. तीन घरं बदलली, तिन्ही घरांत स्वयंपाकघर मागे, शेजाऱ्याच्या भिंतीला तोंड करून. दर दसऱ्याला चंद्रपूर-यवतमाळकडचे तीस-चाळीस नातेवाईक दीक्षाभूमीला येतात आणि उतरतात हिच्याकडे. दोन दिवस समोरच्या खोलीत गप्पा रंगतात. ही मागे.

"मले हासणं ऐकू येते," ती म्हणाली. "गोष्ट ऐकू येत नाही. मंग भाजी घेऊन समोर जावं अन् विचारावं का झालं, तं म्हणते, काही नाही वं, असंच."

हे घर एकदाच होणार होतं. यानंतर दुसरं नाही. या घरातही ती मागे गेली, तर कायमची मागे, हे तिला कळत होतं आणि मलाही.

तरी मी म्हटलं, बसत नाही. हा माझा व्यवसायातला सगळ्यात जास्त वापरलेला शब्द आहे. पेन्सिल घेऊन दाखवलंही. रस्ता उत्तरेला. नालीवरचा स्लॅब पश्चिमेच्या अंगाला आधीच पडलेला, म्हणून फाटक तिथे, म्हणून पोर्चही तिथे. समोर उरला फक्त ईशान्येचा कोपरा, आणि तिथे हॉल. हॉल मागे नेला तर काय होईल, असं तिने विचारलं. पाहुण्यांना कोणी स्वयंपाकघरावरून नेत नाही, असं मी सांगितलं. माह्ये पाहुणे जातीन, ती म्हणाली. मी सांडपाण्याच्या लाइनचा विषय काढला. सांडपाण्याची लाइन निघाली की कोणीही वाद घालत नाही. तिनेही घातला नाही.

मी वाईट हेतूने नाही बोलले. मला खरंच वाटत होतं की बसत नाही.

त्याच सुमारास माझी भाची पुण्याहून दोन महिन्यांसाठी येऊन राहिली. तिच्या पुढच्या शिक्षणाचं काम होतं, घराच्या आतली मांडणी कॉम्प्युटरकडून करून घेण्याचं. पद्धत तिने मला दोन वाक्यांत सांगितली, आणि सांगितल्याबरोबर माझा त्यावर विश्वास उडाला. कॉम्प्युटर आधी शंभर नकाशे वाट्टेल तसे काढतो. मग आपण दिलेल्या नियमांनुसार प्रत्येकाला गुण देतो. कमी गुणांचे बाद. जे वरचे उरतात त्यांच्या जोड्या लावायच्या, एकाची अर्धी मांडणी, दुसऱ्याची अर्धी, त्यातून पुढची शंभर पोरं. मधूनच एखादी भिंत उगाच सरकवायची, एखादं दार उगाच फिरवायचं, म्हणजे नवीन काही तरी होत राहतं. पुन्हा गुण, पुन्हा बाद, पुन्हा जोड्या. अशा शेकडो पिढ्या. उत्क्रांती झाली तशीच, मावशी, ती म्हणाली. मी म्हटलं, तिला वेळ फार लागला होता. आम्हाला महानगरपालिकेत फाइल द्यायची आहे.

पण तिला नियम हवे होते, आणि ते माझ्याकडे होते. तिच्याकडे मशीन होतं, अक्कल माझी. मला हा सौदा पटला. एका दुपारी मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, सोल्यांची भाजी करायची होती, आणि ती समोर लॅपटॉप घेऊन. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. संडासाचं दार स्वयंपाकघरात उघडायचं नाही. बाथरूम एकावर एक. जिन्याखाली वाकून झोपायची वेळ कोणावर येऊ नये. प्रत्येक बेडरूमला बाहेरच्या बाजूने एक खिडकी कूलरसाठी, खिडकीबाहेर कूलर उभा राहील एवढी जागा, आणि पाणी भरायला नळ हाताच्या अंतरावर. यावर ती हसली. एसी नाही का लिहायचं, म्हणाली. मी तिला सांगितलं, मे महिन्यात ये आणि मग हस. तिने निमूट लिहिलं आणि त्या नियमाला भरपूर गुणही दिले.

शेंगा संपेपर्यंत बेचाळीस नियम झाले. बाईची मागणी त्यात होती: ओट्यापाशी उभं राहून रस्ता दिसला पाहिजे. त्रेचाळिसावा नियम माझ्या तोंडून आला नाही, कारण तोवर सोले फोडणीला टाकायचे होते.

पहिल्या पिढीतले नकाशे पाहून मला फार आनंद झाला. एका घराच्या हॉलला दारच नव्हतं. एकात बाथरूमला तीन दारं होती. एकात जिना स्वयंपाकघरातून सुरू होऊन बेडरूमच्या भिंतीत संपत होता. माझा धंदा बुडणार नव्हता. पण पन्नासाव्या पिढीपर्यंत घरांना दारं आली, दोनशेव्या पिढीत जिने कुठेतरी पोचायला लागले, आणि मी चहा ठेवायला उठून परत आले तेव्हा पडद्यावर एक घर होतं जे मी स्वतः काढलं असतं. म्हणजे अगदी तसंच. भाचीला ते फार कौतुकाचं वाटलं. मलाही. माझ्यासारखं घर काढतंय म्हणजे मशीन हुशार असणार.

फक्त स्वयंपाकघर मागे होतं.

नवराबायकोला बोलावलं. भाचीने त्यांना सगळी पद्धत समजावली, जोड्या, पिढ्या, सगळं. नवऱ्याने फिटरच्या नजरेने ऐकलं आणि कुठे काय घासतं असा एक-दोनदा प्रश्न विचारला. बाईने मात्र लगेच पकडलं.

"म्हंजे तुमी नकाशाइचे लगन लावून राहिल्या."

भाची म्हणाली, तसंच काहीसं.

"अन् दोन्हीकडचं वाईटच आलं पोरात तं?"

तर कमी गुण मिळून बाद होतं, भाची म्हणाली.

"गुण कोण देते?"

भाचीने माझ्याकडे बोट दाखवलं. नियम मावशीचे.

"हो का," बाई म्हणाली, "मंग सासू तुमी." आणि पदर तोंडाला लावून हसली. नवरा नकाशात पाहत राहिला. मी पण हसले. सासू म्हणवून घेण्यात मला काही कमीपणा वाटला नाही, घर शिस्तीत चाललं पाहिजे.

भाची जिद्दीची. तिने बाईच्या नियमाचे गुण दुप्पट केले आणि पिढ्या परत सुरू केल्या. आठ दिवसांनी जे आलं त्यात ओट्यावरून रस्ता दिसत होता. स्वयंपाकघर जिथे होतं तिथेच, मागच्या कोपऱ्यात. मशीनने काय केलं होतं, तर स्वयंपाकघराचं दार, बेडरूमची दोन दारं, बाथरूमची दोन दारं, हॉलचं दार आणि समोरची खिडकी, हे सगळं एका सरळ रेषेत आणून ठेवलं होतं. सगळी दारं उघडी असली तर बाईला ओट्यावरून रस्त्याचा हातभर तुकडा दिसला असता. मधे कोणी आंघोळ करत नसेल तर.

"कोणी बाथरूमले गेलं तं मले समजीन," बाई म्हणाली, "एवढा तं फायदा हाये."

भाचीने बाथरूममधून पाहायला बंदी घातली आणि गुण पुन्हा वाढवले. या वेळी मशीनने आणखी डोकं लावलं. अख्खं घरच आखूड करून टाकलं. पुढून मागे दोन खोल्यांएवढंही नाही, रस्त्याला लागून आडवी पट्टी, मागे सगळा प्लॉट रिकामा. घर एवढं उथळ केल्यावर मागचा कोपराही रस्त्याजवळ आला. सगळे नियम पाळले गेले. नवऱ्याने तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाकी घर कुठं गेलं?"

भाची लाजली. मी आतल्या आत खूश होते, हे कबूल करते. पहिल्या दिवशी मी पेन्सिलने सांगितलं तेच हे मशीन पंधरा दिवस धडपडून सांगत होतं. बसत नाही. मी मनात म्हटलं, बघा, हजारो नकाशे झाले, एकालाही जमलं नाही. माझा पंचवीस वर्षांचा अनुभव खरा ठरला.

यात एक गोष्ट वाईट झाली. माझं 'बसत नाही' बाईने पूर्ण मानलं नव्हतं. माणसाचं म्हणणं म्हणून सोडून दिलं होतं आणि आशा धरली होती. मशीनचं तिने मानलं. पुढच्या खेपेला नवराबायको आले ते सही करायलाच. फाइल द्यायची वेळ आली होती, दसऱ्याच्या मुदतीचा तगादा मागे होता. मागे स्वयंपाकघर असलेला नेहमीचा नकाशा मी तयार ठेवला होता. नवरा खिशातला पेन काढत म्हणाला, "आता मशीनलेच नाही जमलं तं आपण का करू गा मॅडम." नवरा मला मॅडम म्हणतो आणि भावनेच्या भरात गा म्हणतो, जे खरं तर पुरुषांना म्हणतात.

बाईने फक्त विचारलं, मागच्या भिंतीत खिडकी मोठी होईल का. मी म्हटलं, होईल. शेजाऱ्याची भिंत जरा जास्त दिसेल एवढंच, हे मी म्हटलं नाही, पण तिला ते माहीत होतं.

नवरा चष्मा शोधत होता तेवढ्या वेळात ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. भाचीने तिथे वेगवेगळ्या पिढ्यांतले वीस-पंचवीस नकाशे टाचले होते, अगदी पहिल्या येड्याबागड्या नकाशांपासून. बाई एकेकावर बोट ठेवत सरकत होती. मला वाटलं, निरोप घेते आहे.

"मॅडम, एक विचारू?"

विचारा.

"हे पयल्या वेळचे नकाशे, मशीननं असेच काढले ना? डोळे मिटून?"

भाची म्हणाली, हो, अगदी अंदाधुंद. पण पहिल्या शंभरातले थोडे टिकलेलेच भिंतीवर आहेत.

"मंग मले सांगा, यात संडास समोर आला, झिना समोर आला, बेडरूम रोडवर आली. चूल बी इकडं गेली, तिकडं गेली, एकदा पोर्चमधी जाऊन बसली. या कोपऱ्यात एकदाबी नाही आली." तिने ईशान्येच्या कोपऱ्यावर नखाने टकटक केलं. "आमच्या गावाले कोंबड्या होत्या. आंगनात शंभर कोंबड्या सोडल्या, अन् एका कोपऱ्यात एकबी जात नाही, म्हंजे कोंबड्याइले तो कोपरा आवडत नाही असं नसते. तिथं कोणी काही तरी ठेवून देल्लं असते."

भाचीने लॅपटॉप ओढला. तिचा चेहरा मी ओळखते, लहानपणी गणित चुकलं की असाच व्हायचा. तिने नियमांची यादी उघडली आणि खाली खाली जात थांबली.

"मावशी, हा अकरावा. उत्तर-पूर्व कोपऱ्यात आग नको. उणे पन्नास."

उणे पन्नास म्हणजे जन्मतःच बाद. त्या कोपऱ्यात चूल घेऊन आलेला प्रत्येक नकाशा पहिल्या पिढीतच मेला होता. त्याला पोरंबाळं होण्याचा प्रश्नच नव्हता, तर भिंतीवर कुठून येणार.

"आणि हा दहावा. स्वयंपाकघर दक्षिण-पूर्वेला, अधिक तीस. मी तुला विचारलं होतं, का म्हणून. तू म्हणालीस, वाऱ्यासाठी."

मी म्हणाले होते. मला आठवलंसुद्धा, एका शेंगेत कीड निघाली होती आणि ती फेकता फेकता मी म्हणाले होते, अगं वारा, धूर बाहेर जातो.

नवऱ्याने पेन खाली ठेवला. कारखान्यात तीस वर्षं पंख्यांची आणि धुराड्यांची कामं केलेला माणूस तो. अगदी आदराने म्हणाला, "पण मॅडम, वारा तं उन्हाळ्यात पश्चिमेकडून येते. तिकडं चूल केली काय अन् इकडं केली काय, धुराले सारखंच."

आता मला एकच गोष्ट सांगण्यासारखी उरली होती.

"वास्तू," मी म्हटलं.

मी वास्तू मानत नाही. हे मी सगळ्यांना सांगत आलेली आहे. माझ्या घराचा जिना उलटा वळतो, आणि तो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम दाखवते. पण माझ्याकडे येणारे दहातले नऊ जण मानतात, आणि पंचवीस वर्षं त्यांच्यासाठी चूल आग्नेयेला ओढून ओढून माझ्या हाताला वाटायला लागलं होतं की ती तिथेच उगवते. संडासाचं दार, कूलरचा नळ आणि ईशान्येची आग हे सगळं मी एका दमात, एका सुरात सांगितलं होतं. भाचीने ते एका सुरात लिहिलं. मशीनने सगळं सारखंच खरं मानलं. मग तेच मला हजार नकाशे काढून परत दिलं, आणि मी म्हटलं, बघा, गणितच सांगतंय.

बाईला राग यायला हरकत नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कमी बोलणारा, पण त्या दिवशी बोलला.

"मॅडम, आमच्या बापानं छप्पन साली ते सारं दीक्षाभूमीवर सोडून देल्लं," तो म्हणाला. "तुमच्या मशीननं मोठ्या मेहनतीनं परत आणून घरात बसवलं."

आधी बाई हसली. मग भाची. मग मीही, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मी पहिल्या दिवसापासून त्यांना देवघर किती बाय किती, हे विचारलं नव्हतं, कारण ते त्यांच्याकडे नसणार हे मला ठाऊक होतं. म्हणजे एवढं ठाऊक होतं. तरी चूल आग्नेयेलाच.

भाचीने यादी वरून वाचायला घेतली आणि प्रत्येक नियमापाशी थांबून ती माझ्याकडे पाहायची. मी हो किंवा नाही म्हणायची. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. असले सहा निघाले. मुख्य दार, पाण्याची टाकी, मालकाची बेडरूम नैर्ऋत्येला, असे सगळे, वाऱ्या-उजेडाचे कपडे घालून बसलेले. सहाही काढले आणि मशीन नव्याने सोडलं. मी चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत पस्तिसाव्या पिढीत एक नकाशा ईशान्येच्या कोपऱ्यात चूल घेऊन आला आणि मेला नाही. पुढच्या पिढीत त्याची पोरं झाली. आम्ही कप हातात घेऊन बसलो तेव्हा पडद्यावर सगळीकडे त्याचंच खानदान होतं, आणि गुण आधीच्या कुठल्याही नकाशापेक्षा जास्त होते. हॉल मागे गेला होता, पण त्याला पूर्वेचा उजेड मिळाला होता. सांडपाण्याची लाइनही आली होती. पूर्वेच्या मार्जिनमधून, घराशेजारी मोकळ्या सोडलेल्या पट्टीतून, सरळ जात होती, काहीही कुरकूर न करता.

"बसते ना?" बाईने विचारलं.

"बसते," मी म्हटलं.

तिने लगेच विश्वास ठेवला नाही. स्वतःच्या बोटाने ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून रस्त्यापर्यंत रेघ ओढली, मधे एकही दार लागलं नाही हे पाहिलं, आणि मग खुर्चीवर बसली. चहा ती बशीत ओतून प्यायली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

बाकीचं काम मी पेन्सिलने केलं, कारण मशीनला काही गोष्टी कळत नाहीत. ओट्याची खिडकी मी जरा खाली उतरवली, म्हणजे बाहेरून कोणी पातेलं आत देऊ शकेल. फोडणीचा ठसका हॉलमध्ये जाऊ नये म्हणून दार थोडं सरकवलं. फाइल वेळेत गेली. जाता जाता सांगते, त्या संध्याकाळी मी माझ्या स्वतःच्या घरात कोपरे मोजत फिरले. उलट्या जिन्याच्या घरात माझं स्वयंपाकघर आग्नेयेला आहे. बांधलं तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

भाचीने जाण्याआधी नियमांच्या यादीत एक नवीन रकाना केला. पुण्याची पोरगी, पण रकान्याचं नाव ठेवलं 'काहून'. ज्या नियमापुढे काहून रिकामा, तो मशीनला द्यायचा नाही. मागच्या महिन्यात गांधीबागेतले एक कापडवाले घराचा नकाशा काढायला आले, त्यांना स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं होतं. मी विचारलं, काहून. ते म्हणाले, वास्तू. मी रकान्यात वास्तू लिहिलं आणि तसं काढून दिलं. माझी काही हरकत नाही. घर त्यांचं. फक्त आता ते वारा म्हणून लिहिलेलं नाही.

दसऱ्याला मला बोलावणं होतं. घराला पहिला रंग लागला होता, फाटकाला अजून नव्हता. मी पोचले तेव्हा दीक्षाभूमीवरून पाहुण्यांचा एक जत्था नुकताच आला होता आणि दुसरा येत होता. हॉलमध्ये नवीन सोफा, त्यावर प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर कोणीही नाही. सगळ्या खुर्च्या पोर्चमध्ये, जिथे गाडी उभी राहायची होती, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून. खिडकीत बाई. पुऱ्या तळता तळता चंद्रपूरच्या दिराची कसलीशी गोष्ट मधेच तोडून ती त्याला सांगत होती की तसं झालंच नव्हतं, मी होती तिथं.

मला आत घेतलं आणि हातात कोथिंबिरीची जुडी दिली. मी निवडायला लागले. ओट्यापाशी उभं राहिल्यावर तिथून काय काय दिसतं ते पाहून घेतलं, कामाचा भाग म्हणून. रस्ता, फाटक, समोरच्या घराची गच्ची, आणि येणारा प्रत्येक माणूस, वळणापासून.

अडचण एकच होती, आणि ती नकाशात दिसली नव्हती. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण खिडकीपाशी थांबून विचारत होता, का करून राहिली वं? वीस मिनिटांत तिने आठ जणांना पुऱ्या म्हणून सांगितलं. नवव्याला नुसता झारा दाखवला.

"तीस वर्ष मागं होती तं कोणी विचारलं नाही," ती मला म्हणाली. "आता दर दोन मिनिटाले सांगा लागते. पडदा लावू का मॅडम?"

"काहून?" मी विचारलं.

तिने पुरी उलटली. पोर्चमध्ये दीर गोष्टीच्या शेवटाला आला होता आणि सगळे हसायच्या बेतात होते. तिने झारा वर धरून मला थांबायची खूण केली, शेवट ऐकला, आणि सगळ्यांच्या आधी हसली. पुरी जरा जास्त लाल झाली. ती तिने माझ्या ताटात टाकली.

"राहू द्या," ती म्हणाली. "कोथिंबीर निवडा."